सायकलवर कोण बसू शकतं?

(आकाशवाणीच्या मुलांसाठीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आकाशवाणीचं बोलावणं आलं तेव्हा मला वाटलं, मुलांसाठी कविता वाचायच्या असतील. पण विषय मिळाला, सायकलचा इतिहास. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. यंत्रांचं शिक्षण माझ्याकडं नाही. थोडा विचार केल्यावर लक्षात आलं, की माझ्या हाताला शाई लागली ती फार उशिरा. त्याआधी लागलं होतं ते सायकलचं ग्रीस.

आमचं गाव आठवडी बाजाराचं. एसटीच्या थांब्यासमोर माझ्या अब्बांचं सायकलचं दुकान होतं. पुढं पत्र्याचं दुकान, मागं घर. पहाटेची नमाज पढून अब्बा दुकान उघडत आणि भाड्याच्या पंधरा सायकली बाहेर काढून एका ओळीत उभ्या करत. प्रत्येकीच्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला. ही १९८० च्या सुमाराची गोष्ट आहे. तासाला आठ आणे भाडं. वहीत नाव आणि वेळ लिहिली, की तासभर सायकल तुमची. घरात आम्ही दखनी बोलायचो आणि दुकानात मराठी. शाळेतून आलो, की माझं काम ठरलेलं. पंक्चर झालेली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवायची आणि बुडबुडा कुठून येतो ते पाहायचं.

माझी मोठी बहीण, तिला आम्ही आपा म्हणतो, मागच्या दारातून दुकानात यायची आणि अब्बांच्या शेजारी बसायची. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. फिरताना चाक डुगडुगत असेल तर आम्ही ‘चाकात आऊट आहे’ असं म्हणतो. आपा चाकाच्या तारा बोटानं छेडून बघायची, आवाजावरून सैल तार ओळखायची आणि चावीनं आवळून चाक सरळ करायची. आपाची गोष्ट मी शेवटी पुन्हा सांगणार आहे, म्हणून तिला लक्षात ठेवा.

सायकलची गोष्ट ऐकताना एक प्रश्नही सोबत ठेवा. गोष्टीत नवी सायकल आली, की मनात विचारायचं : हिच्यावर कोण बसू शकतं? आणि कोण बसू शकत नाही? शोध कोणी लावला, हे पुस्तकात लिहिलेलं असतं. या प्रश्नाचं उत्तर मात्र बहुतेक वेळा आपल्यालाच शोधावं लागतं.

चला तर, दोनशे वर्षं मागं जाऊ. जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस नावाचे एक गृहस्थ होते. जंगलखात्यात अधिकारी. १२ जून १८१७ रोजी ते मानहाइम शहरातून एका विचित्र गाडीवर बसून निघाले. गाडी लाकडाची होती. एकामागं एक दोन चाकं, मध्ये बसायला जागा, पुढचं चाक वळवायला दांडा. वजन वीस-बावीस किलो. पायडल नाही आणि चेनही नाही. दोन्ही पायांनी जमीन मागं रेटायची आणि धावल्यासारखं करत पुढं जायचं. शहरापासून सात किलोमीटरवर घोडे बदलण्याचा टप्पा होता. तिथवर जाऊन ते परत आले, आणि तेही सुमारे तासाभरात. लोक तोंडात बोटं घालून बघत राहिले असतील!

ड्राइसना ही गाडी का सुचली? १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याची धूळ आकाशात इतकी पसरली, की १८१६ साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. पिकं बुडाली, माणसांना अन्न मिळेना, तिथं घोड्यांना दाणा कोण देणार? म्हणून घोड्याशिवाय चालेल अशी गाडी ड्राइसनी केली असावी, असं काही इतिहासकार म्हणतात. सगळ्यांना ते पटत नाही. पण एक गोष्ट नक्की. एकामागं एक ठेवलेल्या दोन चाकांवर माणूस न पडता जाऊ शकतो, हे जगाला पहिल्यांदा त्या दिवशी दिसलं.

आता न पडता कसा जातो, हे ज्यांना सायकल येते त्यांना विचारा. त्यांना सांगता येणार नाही. पायांना कळलेलं असतं, तोंडाला सांगता येत नाही. माझे अब्बा शिकाऊ पोरांना एकच गोष्ट सांगत. ‘बेटा, ज्या बाजूला पडतोयस असं वाटेल, त्याच बाजूला हँडल वळव.’ पोरांना वाटायचं, चाचा चेष्टा करतायत. डावीकडं पडत असताना माणूस घाबरून उजवीकडं वळतो, आणि तिथंच आपटतो. डावीकडं वळलं, की चाकं पुन्हा आपल्या अंगाखाली येतात आणि तोल सावरतो. चालत्या सायकलवर आपण हे सारखं करत असतो, फक्त इतकं थोडं, की आपल्याला कळत नाही. ड्राइसच्या गाडीचं पुढचं चाक वळणारं होतं, म्हणून ती चालली.

फिरत्या चाकांच्या गिरकीमुळंच सायकल उभी राहते, असं पूर्वी सांगत. पण २०११ साली काही शास्त्रज्ञांनी गिरकीचा परिणाम जवळजवळ नाहीसा केलेली सायकल बनवली. ढकलून सोडल्यावर ती कोणी वर बसलेलं नसतानाही स्वतःला सावरत पुढं गेली. म्हणजे दोनशे वर्षांनंतरही शास्त्रज्ञ या साध्या दिसणाऱ्या यंत्राकडून शिकतच आहेत. तुमच्यापैकी कोणाला मोठेपणी हे कोडं सोडवायचं असेल, तर जागा शिल्लक आहे.

बरं, आपला प्रश्न विसरलात का? ड्राइसच्या गाडीवर कोण बसू शकत होतं? पैसेवाले, हौशी पुरुष. इंग्लंडमध्ये १८१९ च्या सुमारास तिचं मोठं वेड आलं. रस्ते खड्ड्यांचे, म्हणून हे हौशी लोक पदपथावरून गाड्या दामटत आणि पायी चालणाऱ्यांना धडकत. गावोगावी बंदी आली. युरोप-अमेरिकेत आलीच, आपल्या कोलकात्यातही आली. हौस ओसरली. ड्राइस १८५१ मध्ये गरिबीत वारले.

पुढची चाळीसेक वर्षं दुचाकीच्या गोष्टीत फारसं काही घडलं नाही. स्कॉटलंडच्या एका लोहारानं मध्यंतरी पायडलची सायकल केली होती असं सांगतात, पण पक्का पुरावा नाही. लिओनार्दो दा विंचीनं पाचशे वर्षांपूर्वी सायकलचं चित्र काढलं होतं, असंही तुम्ही कुठं वाचाल. ते चित्र १९७४ मध्ये उजेडात आलं, आणि ते मागाहून कोणीतरी काढलेलं आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. छापलेलं सगळंच खरं नसतं. मी छापून येणारा माणूस असूनही हे सांगतो.

१८६० नंतर पॅरिसमध्ये कोणाच्या तरी डोक्यात आलं, की पाय जमिनीला टेकवायचेच कशाला? पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी पायडल लावू आणि पायानं चाकच फिरवू. हे कोणाच्या डोक्यात आलं यावर आजही भांडण आहे. पिएर मिशो नावाचा पॅरिसमधला लोहारकाम करणारा कारखानदार आणि पिएर लालमाँ नावाचा तरुण कारागीर, अशी दोन नावं पुढं येतात. लालमाँ अमेरिकेला गेला आणि १८६६ मध्ये त्यानं तिथं पेटंट मिळवलं. मिशोच्या कारखान्यानं गाड्या विकून नाव कमावलं. लालमाँ १८९१ मध्ये बोस्टनला वारला, तेव्हा त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं.

या गाडीची चाकं लाकडाची आणि त्यावर लोखंडी धाव. आपल्या बैलगाडीला असते तशी. दगडी रस्त्यावर ती अशी खडखडायची, की इंग्रजांनी तिचं नाव ‘हाडं खिळखिळी करणारी’ असं ठेवलं. तरी लोक बसले. १८६९ मध्ये पॅरिस ते रुआँ अशी १२३ किलोमीटरची शर्यत झाली. जेम्स मूर नावाच्या इंग्रजानं ती साडेदहा तासांहून थोड्या जास्त वेळात जिंकली. विचार करा, त्या काळात १२३ किलोमीटर!

आता जरा गणित करू. घाबरू नका, सोपं आहे. पायडल थेट चाकाला जोडलेलं असेल, तर पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. चाक लहान असेल तर गाडी थोडीच पुढं जाणार. जास्त पुढं जायचं तर चाक मोठं करायला हवं. मग काय, चाक वाढत गेलं! इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरात शिलाईच्या मशिनींचा कारखाना होता. तिथं जेम्स स्टार्ली नावाचा कसबी माणूस होता. त्यानं आणि विल्यम हिलमननं १८७० मध्ये पुढचं चाक मोठं आणि मागचं छोटं अशी लोखंडी सायकल काढली. पुढं अशा सायकलींचं मोठं चाक जवळजवळ दीड मीटर उंच झालं. अशा चाकाचा घेर सुमारे चार मीटर सत्तर सेंटिमीटर भरतो. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात तेवढं अंतर. तुम्ही चित्रात पाहिली असेल ती सायकल. एक मोठं नाणं आणि त्याच्यामागं छोटं नाणं ठेवल्यासारखी दिसते.

एवढं मोठं चाक लाकडाचं केलं असतं तर उचललंच नसतं. इथं तारा उपयोगी आल्या, त्याच, ज्या आपा छेडून बघायची. बैलगाडीच्या चाकात गाडीचं ओझं खालच्या लाकडी आऱ्यांवर उभं राहतं. सायकलच्या चाकात उलटं असतं. तारा दोन्ही टोकांना ताणून बसवलेल्या असतात आणि त्या ताणामुळं गोल कडं सगळीकडून सारखं धरून ठेवलं जातं. बोटाएवढी जाड लाकडं नकोत, सुतळीएवढ्या तारा पुरतात. पण सगळ्यांचा ताण सारखा हवा. दोन-चार सैल पडल्या, की चाक डुगडुगलंच.

मग या उंच सायकलवर कोण बसू शकत होतं? लांब पायांचा, तरुण, धाडसी पुरुष. सीट त्या मोठ्या चाकाच्या वर. एखादा दगड मध्ये आला तर स्वार सरळ डोक्यावर आपटायचा. पायघोळ झग्यातल्या बायका, वयस्क माणसं, मुलं यांच्यासाठी ती नव्हतीच. धाडस करणाऱ्यांनी मात्र कमाल केली. थॉमस स्टीव्हन्स नावाचा माणूस १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६ मध्ये जपानच्या योकोहामाला पोचला. समुद्र बोटीनं ओलांडायचा आणि जमीन या उंच सायकलवरून, असं करत त्यानं पृथ्वीला फेरी घातली. त्या वाटेवर तो हिंदुस्थानातही आला आणि १८८६ मध्ये लाहोरहून कोलकात्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडनं सायकल चालवत गेला. रस्त्याकडेच्या गावांत मुलं त्याच्यामागं धावली असतील, याची मला खात्री आहे. आमच्या गावात नवी सायकल आली तरी आम्ही धावायचो.

जेम्स स्टार्लीचा एक पुतण्या होता, जॉन केम्प स्टार्ली. त्यानं १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीतच ‘रोव्हर’ नावाची सायकल आणली. हीच आपल्या सायकलची आजी. चाकं जवळजवळ सारखी. सीट दोन्ही चाकांच्या मध्ये आणि इतकी खाली, की पाय जमिनीला टेकतात. आणि पायडल चाकाला न जोडता मध्येच एका दातेरी चक्राला जोडलेलं. तिथून चेन मागच्या चाकाला. चेनवर चालणाऱ्या सायकली त्याआधीही काही जणांनी करून पाहिल्या होत्या, पण लोकांनी उचलून धरली ती ही. पोलंडमध्ये आजही सायकलला ‘रोवेर’ म्हणतात, ते या रोव्हरवरूनच.

चेननं काय जादू केली ते पाहा. समजा, पुढच्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्या चक्राला २२. पुढचं चक्र एकदा फिरलं, की मागचं दोनदा फिरणार. चाकाचा घेर दोन मीटर वीस सेंटिमीटर धरला, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल चार मीटर चाळीस सेंटिमीटर पुढं जाते. म्हणजे माणसाच्या छातीएवढ्या उंच चाकाचं काम कमरेच्याही खाली राहणाऱ्या चाकानं केलं. उंच चढायची गरजच संपली. घरी सायकल असेल तर तुमचे दाते मोजून हे गणित करा. फक्त चेनमध्ये बोट घालू नका. माझ्या उजव्या हाताच्या करंगळीवर अजून खूण आहे.

अजून एक त्रास उरला होता, धक्क्यांचा. चाकांवर भरीव रबर बसवत, पण दगडी रस्त्यावर त्याचा कितीसा उपयोग? आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचे गुरांचे डॉक्टर होते. त्यांच्या लहान मुलाला तीनचाकी सायकल होती आणि ती धक्के फार द्यायची. १८८७ मध्ये डनलॉपनी लाकडाच्या चकतीभोवती रबराची नळी बसवली, वरून कापड गुंडाळलं आणि नळीत हवा भरली. मग अंगणात दोन चाकं सोडून पाहिली. सायकलचं जुनं चाक अर्ध्यात पडलं. हवेचं चाक अंगण ओलांडून फाटकाच्या खांबाला जाऊन धडकलं. १८८८ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं, आणि १८८९ च्या शर्यतींत हवेचे टायर जिंकू लागल्यावर हसणारे लोक गप्प झाले.

गंमत अशी, की हवेचा टायर डनलॉपच्या चाळीसेक वर्षं आधीच रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश तरुणानं शोधला होता. घोडागाड्यांसाठी. पण तेव्हा सायकली नव्हत्या, रबर महाग होतं, आणि लोक ते विसरून गेले. ही गोष्ट उघडकीला आल्यावर डनलॉपचं मूळ पेटंट रद्द झालं.

मुलांनो, इथं एक कडू गोष्टही सांगायला हवी. सायकलींना टायर हवे, टायरला रबर हवं. ते रबर मोठ्या प्रमाणावर आफ्रिकेतल्या काँगोच्या जंगलातून आणलं जायचं. १८८५ पासून तो सगळा मुलूख बेल्जियमच्या राजा लिओपोल्डच्या खासगी मालकीचा होता. तिथल्या लोकांवर रबर गोळा करण्याची सक्ती होती. ठरलेलं रबर आणलं नाही तर मारहाण व्हायची, माणसांचे हात तोडले जायचे, गावं जाळली जायची. जगभरातून ओरड झाली, तेव्हा १९०८ मध्ये तो मुलूख राजाच्या हातून काढून घेतला गेला. सायकलवर कोण बसतं, हे विचारताना ती कोणाच्या कष्टावर चालते हेही विचारावं, एवढंच मला म्हणायचं आहे.

आता सायकल सुरक्षित झाली, हलकी झाली, कारखान्यांतून भराभर निघू लागली, स्वस्त होत गेली. कामगार तिच्यावरून कामाला जाऊ लागले. अमेरिकेत राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं. सायकली दुरुस्त करून मिळवलेल्या पैशांतून आणि तिथंच कमावलेल्या कसबातून त्यांनी १९०३ मध्ये विमान उडवलं. माझ्या अब्बांना ही गोष्ट मी सांगितली होती. ते म्हणाले, ‘बघ, आपल्या धंद्यातला माणूस कुठं पोचला!’

आणि १८९० नंतर बायका सायकलवर बसल्या. त्यावरून केवढा गहजब! सायकल चालवली तर बाईचा चेहरा कायमचा ताणलेला आणि कुरूप होतो, असं काही डॉक्टर लिहीत. बायकांनी ते मनावर घेतलं नाही. पायघोळ झगे चाकात अडकतात म्हणून काहींनी सैल विजारी घातल्या, त्यावरही टीका झाली. अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुझन अँथनी यांनी १८९६ मध्ये सांगितलं, की स्त्रियांना मोकळं करण्याचं काम सायकलइतकं दुसऱ्या कशानंही केलेलं नाही.

१८९७ मध्ये इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठात एक मतदान होतं. स्त्रिया तिथं शिकत होत्या, परीक्षा देत होत्या, पण त्यांना पुरुषांसारखी पदवी द्यायची का, हा प्रश्न होता. विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांनी एका बाईचा पुतळा करून भर रस्त्यावर उंच टांगला. त्या पुतळ्याला त्यांनी कशावर बसवलं होतं? सायकलवर. शिकणारी बाई आणि सायकलवरची बाई, या दोघी त्यांना एकच वाटत होत्या. मतदानात स्त्रिया हरल्या. केंब्रिजनं त्यांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये.

आपल्याकडं सायकल आली ती आधी परदेशी कारखान्यांतून. साहेबलोक आणि श्रीमंत यांचीच ती असायची. मग हळूहळू पोस्टमन, मास्तर, दूधवाले आणि गिरणीकामगार तिच्यावर बसले. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या प्रवासाला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी तो पूर्ण केला आणि १९२८ मध्ये ते मुंबईला परत आले. इराण, अरबस्तानाचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा सुमारे ७१ हजार किलोमीटरचा प्रवास. स्वातंत्र्यानंतर चेन्नई, सोनिपत, आसनसोल, लुधियाना इथं सायकलींचे कारखाने उभे राहिले आणि सायकल सामान्यांच्या घरात आली. नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला, रात्री दिवा नसला तर शिपायानं सोडलेली हवा, लग्नात जावयाला सायकल, हे सगळं तुमच्या आजोबांना विचारा. तासभर सांगतील.

आता आपाकडं येतो.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल सहा किलोमीटरवर, तालुक्याला. गावातली मुलं सायकलवर जायची. ज्यांच्याकडं सायकल नव्हती ती अब्बांकडून महिन्याच्या भाड्यानं न्यायची. आपा सातवीत वर्गात पहिली आली. गुरुजी घरी येऊन अब्बांना म्हणाले, ‘मुलीला पुढं शिकवा.’ अब्बा म्हणाले, ‘सहा किलोमीटर रोज चालत जाणार कशी?’ गुरुजींनी दुकानासमोरच्या ओळीकडं पाहिलं. अब्बांनीही पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाले, ‘पोरीची जात. सायकलवरून गेली तर लोक काय म्हणतील?’

माझे अब्बा वाईट नव्हते. गरीब पोराकडून त्यांनी कधी पंक्चरचे पैसे घेतले नाहीत. पण त्या दिवशी ते लोकांना घाबरले. आपाची शाळा सुटली. पंधरा सायकलींच्या पंधरा जोड्या चाकं ती सरळ करत राहिली आणि एकीवरही बसली नाही. तीन वर्षांनी मी सातवी पास झालो. मला सात नंबरची सायकल मिळाली. मी हायस्कूलला गेलो, मग कॉलेजला गेलो, बी.ए. झालो. मला सायकल येत होती. घरामागच्या बोळात अंधार पडल्यावर मागून सीट धरून आपाला शिकवणं मला सहज जमलं असतं. मला ते सुचलंच नाही. हे मी आज पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगतोय.

पुढं काळ बदलला. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची मोहीम निघाली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, शिक्षिका, अशा हजारो बायका सायकल शिकल्या. बिहार सरकारनं २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. नंतर अभ्यासकांनी मोजून पाहिलं, तेव्हा हायस्कूलला जाणाऱ्या मुलींचं प्रमाण जवळपास एक तृतीयांशानं वाढलेलं आढळलं. आपल्या महाराष्ट्रातही अनेक तालुक्यांत लांबून शाळेत येणाऱ्या मुलींना सरकारी योजनेतून सायकली मिळाल्या आहेत.

बिहारच्या त्या मुलींचा फोटो वर्तमानपत्रात आला होता. निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुली, लांबलचक रांग. अब्बा तेव्हा म्हातारे झाले होते. दुकान बंद झालं होतं. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘पंधरा सायकली होत्या माझ्याकडं. घरात एक द्यायची राहिली.’ पेपर घडी करून त्यांनी उशाशी ठेवला. पुढं काही बोलले नाहीत.

आता आपाची नात आठवीत आहे. रोज सायकलवरून शाळेला जाते. मागच्या दिवाळीत मी आपाकडं गेलो होतो. ती ओट्यावर बसून नातीच्या सायकलचं चाक फिरवत होती, तारा छेडून बघत होती. हात तसाच आहे. मी म्हटलं, ‘आपा, आता शिकतेस का? मी मागून धरतो.’ ती हसली. म्हणाली, ‘आता गुडघे कुठं साथ देतात? तू तेव्हा विचारायचं होतंस.’

मुलांनो, सायकल कोणा एका माणसानं केली नाही. एकानं दोन चाकं एकामागं एक लावली, दुसऱ्यानं पायडल लावलं, तिसऱ्यानं तारा ताणल्या, चौथ्यानं चेन घातली, पाचव्यानं हवा भरली. प्रत्येकानं एकेक अडचण दूर केली आणि दर वेळी आणखी काही माणसं तिच्यावर बसू शकली. शेवटच्या अडचणी लोखंडाच्या किंवा रबराच्या नव्हत्या. त्या माणसांच्या मनातल्या होत्या, आणि त्या दूर करायला कारखाना लागत नाही.

म्हणून तुम्हाला एक काम देतो. आज संध्याकाळी घरात आणि शेजारी विचारा, सायकल कोणाला येत नाही? आई असेल, ताई असेल, शेजारची मैत्रीण असेल, कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी असेल. ज्यांना शिकायची इच्छा आहे, त्यांना मोकळ्या मैदानात घेऊन जा. सीट जरा खाली करा, म्हणजे पाय टेकतील. टायरमध्ये हवा बघा. मागून सीट घट्ट धरा आणि सांगा, ज्या बाजूला पडतोय असं वाटेल त्याच बाजूला हँडल वळव. दोन-तीनदा पडतील, गुडघे खरचटतील, हळद लावा. मग एक वेळ अशी येईल, की तुम्ही सीट सोडलेली असेल आणि त्यांना ते कळलेलंही नसेल. तेव्हा ओरडून सांगू नका. जाऊ द्या त्यांना पुढं.

खुदा हाफिज, नमस्कार.